नव्या मोटारीची पहिली लांबची मजल

नवी मोटार घेऊन कोणी लांबचा प्रवास करून परतला की नातलग आणि शेजारी त्याला हटकून दोन प्रश्न विचारतात. गाडी कशी आहे हा पहिला, आणि ॲव्हरेज किती देते हा दुसरा. ज्याने आपल्या कमाईचा मोठा हिस्सा किंवा पुढील पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचा भार त्या वाहनापायी नुकताच पत्करलेला असतो, तो मनुष्य स्वाभाविकपणेच पहिल्या प्रश्नाला ‘उत्तम’ असे आणि दुसऱ्याला डॅशबोर्डवर उमटलेला सर्वांत मोठा आकडा असे उत्तर देऊन मोकळा होतो. याउलट, वाटेत कोठे खडखडाट ऐकू आला किंवा घाटात गाडी दमल्यासारखी वाटली की, तोच मनुष्य ‘गाडी फसली’ असा फैसलाही तितक्याच तडकाफडकी देऊन टाकतो. हे दोन्ही निकाल सारखेच उतावीळ होत, कारण दोहोंतही साक्षीपुरावा तपासलेला नसतो. शोरूमच्या दारातून दोन-चार किलोमीटरांची चक्कर मारताना जे दडून राहते ते लांबचा प्रवास उघड करतो, हे खरे. परंतु गाडीचा स्वभाव, रस्त्याची अवस्था आणि चालकाची सवय व थकवा या तीन गोष्टी त्या प्रवासात एकमेकींत इतक्या मिसळून समोर येतात की, त्यांची खाती वेगळी केल्यावाचून कोणताही अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही. ती कशी वेगळी करावीत, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

अशा परीक्षेसाठी मार्ग केवळ सुखकर असून भागत नाही. तो नाना प्रकारचा असावा लागतो. पुण्याहून साताऱ्यावरून कराडपर्यंतचा रुंद महामार्ग, तेथून पाटण व कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, पुढे मुंबई-गोवा महामार्गाने हातखंबा व रत्नागिरी, आणि परतताना साखरपा, आंबा घाट, मलकापूर व कोल्हापूर असा सुमारे सातशे किलोमीटरांचा फेरा आम्ही नुकताच एका नव्या पेट्रोल गाडीने केला. सलग वेगाचा रस्ता, चढ, उतार, अरुंद वळणे, डांबर, सिमेंट, खड्डे आणि समुद्रकाठची दमट हवा या सर्वांची गाठ या एकाच फेऱ्यात पडते, हे तो निवडण्याचे कारण. नाशिककरांना हीच सोय कसारा घाटाची आहे, अमरावतीकरांना चिखलदऱ्याच्या चढाची. मार्ग कोणताही असो, मजल मात्र एवढीच ठरवावी की दिवेलागणीच्या सुमारास मुक्काम गाठता यावा. अपरिचित गाडी, अपरिचित रस्ता आणि काळोख या तिहींची एकदमच परीक्षा घेण्यात शहाणपण नाही.

प्रस्थानापूर्वी

गाडीबरोबर मिळालेली हस्तपुस्तिका हा बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली दबून राहणारा दस्तऐवज होय. वास्तविक, मालक पुढे ज्या तक्रारी घेऊन सर्व्हिस सेंटरचा उंबरठा झिजवतात, त्यांपैकी पुष्कळांचा जबाब तिच्यात आधीच लिहिलेला असतो. तिच्यातील पहिले पाहावयाचे कलम नव्या इंजिनाच्या जपणुकीचे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती परस्परांशी घासून जुळेपर्यंत, म्हणजे सामान्यतः पहिल्या १,००० किलोमीटरांपर्यंत, इंजिनाला पूर्ण ताण देऊ नये, फार कमी वेगात वरच्या गिअरमध्ये रडवूही नये, आणि तासन्‌तास एकाच वेगाने चालवणेही टाळावे, असा निर्बंध बहुतेक कंपन्या घालतात. या मुदतीतच लांबच्या प्रवासाला निघणे झाले, तर महामार्गावर अधूनमधून वेग थोडा कमी-जास्त करीत राहावा, आणि या अवस्थेत दिसलेल्या दमाला गाडीचा कायमचा दम समजू नये. टायर आणि ब्रेक यांचीही गोष्ट हीच. नव्या टायरच्या पृष्ठावरील साच्याचा ओशटपणा जाईपर्यंत आणि ब्रेकचे पॅड डिस्कशी पुरते जुळेपर्यंत पकड थोडी उणी असते, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे.

टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना, तपासावी. किती हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेला असतो, आणि गाडी पूर्ण भरलेली असताना मागच्या टायरांचा आकडा पुष्कळदा वेगळा, म्हणजे अधिक, असतो. तो वाचल्यावाचून ‘तीस-बत्तीस मार’ असे पंपावरच्या पोऱ्याला सांगून मोकळे होण्याची जी रूढी आहे, ती सोडावी. टायरमधील तपमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एका पीएसआयने वाढतो. यास्तव दोन तास धावून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला पाहून हवा काढून टाकणे हे काळजीचे नव्हे, अज्ञानाचे लक्षण होय. त्याचप्रमाणे, मागे माणसे बसली आणि डिकी भरली की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. त्यासाठी स्टिअरिंगजवळ शून्यापासून वाढत्या आकड्यांची एक छोटी चकती बहुतेक गाड्यांत दिलेली असते. ओझ्याच्या प्रमाणात ती फिरवून झोत खाली घेतल्याशिवाय ‘या गाडीचे दिवे बरोबर नाहीत’ अशी तक्रार करण्याचा अधिकार मालकाला पोहोचत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवण्याचा तर कोणालाच नाही.

आसनाकडेही निघण्यापूर्वीच लक्ष द्यावे. कंबर पाठीला पुरती टेकलेली असता क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, खांदे पाठीला टेकलेले असता मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर सहज पोहोचावे, आणि डोक्यामागील उशी डोक्याच्या उंचीला यावी. एवढे करूनही शंभर-दीडशे किलोमीटरांनंतर मांडी किंवा कंबर दुखू लागली, तर प्रत्येक थांब्यावर आसनाची एकच गोष्ट बदलावी. उंची, पाठीचा कल आणि अंतर ही तिन्ही एकदम बदलली म्हणजे कशाने बरे वाटले हे कधीच कळत नाही. सर्व फेरबदल करून पाहिल्यावरही जे दुखणे उरते, तेच गाडीच्या खात्यावर लिहावे. या सर्वांसाठी एक साधी वही सोबत घ्यावी आणि ती चालकाच्या नव्हे, शेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावी.

सपाटीवरील साक्ष

महामार्गावर गाडी लागली की प्रथम वेगदर्शकाची तपासणी करावी. किलोमीटरच्या दोन दगडांमधील अंतर काटा स्थिर ठेवून कापावे आणि सोबत्याने सेकंद मोजावेत. खरा वेग ताशी ८० असेल तर एका किलोमीटरला ४५ सेकंद लागतात, ९० असेल तर ४०. एका मोजणीवर विसंबू नये, कारण दगड नेमक्या अंतरावर असतोच असे नाही; चार-पाच मोजण्यांची सरासरी घ्यावी. बहुतेक गाड्यांचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा अधिकच दाखवतो. वेगदर्शकाने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा दंडक असल्यामुळे उत्पादक तो मुद्दामच तसा ठेवतात. सबब, मोबाइलवरील वेग आणि गाडीवरील वेग यांत थोडे अंतर पडले, तर तो दोष नव्हे.

दुसरी सर्वसाधारण तक्रार गाडी एका बाजूस ओढते ही. आमच्या गाडीनेही कराडच्या वाटेवर डावीकडे कल दाखवला. येथे स्मरणात ठेवावे की, पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मुळातच कडेकडे उतरता बांधलेला असतो, आणि डाव्या अंगाने चालणारी निर्दोष गाडीही स्टिअरिंग सैल सोडल्यास हलकेच डावीकडे सरकते. मागेपुढे वाहन नसताना सपाट जागी, डाव्या-उजव्या टायरांतील हवा समान असल्याची खात्री करून घेतल्यावर, तोच कल दिसतो की नाही हे पाहावे. हात मात्र स्टिअरिंगलगतच असावेत. आमचा कल तेथे नाहीसा झाला आणि आरोप रस्त्याच्या खात्यावर गेला. तो टिकून राहिला असता, तर व्हील अलाइनमेंट तपासून घेणे प्राप्त होते.

कंपनाची जात त्याच्या जागेवरून ओळखता येते. एका ठरावीक वेगाला, विशेषतः ऐंशी ते शंभरच्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते आणि वेग त्याच्या वर वा खाली गेला की थरथर थांबते, तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग बिघडल्याचा संशय घ्यावा. थरथर स्टिअरिंगऐवजी आसनातून जाणवली, तर मागच्या चाकांचा. केवळ ब्रेक दाबतानाच ती येत असेल तर डिस्क तपासावी लागते. आवाजाचेही असेच आहे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच जो आवाज बदलतो तो टायरचा व रस्त्याचा. गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर जो बदलतो तो इंजिनाचा. या दोहोंनीही जो बदलत नाही आणि केवळ वेगाबरोबर वाढतो, तो वाऱ्याचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. चिपळूणच्या पुढे जेथे सिमेंटचा नवा रस्ता झाला आहे तेथे गाडीत एक घनगंभीर घुमणारा स्वर शिरला आणि डांबर येताच मावळला. दुसरीकडे, उजव्या बाजूने वारा आला की दाराच्या वरच्या कोपऱ्यातून येणारी बारीक शीळ मात्र दोन्ही रस्त्यांवर सारखीच राहिली. ती रबराच्या पट्टीची चूक म्हणून गाडीच्या नावे लिहिली गेली. खडखडाटाच्या बाबतीत, फिर्याद लिहिण्यापूर्वी डिकी रिकामी करून पाहावी, कारण जॅक, पाना आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण यांनी आजवर अनेक निरपराध डॅशबोर्डांवर बालंट आणलेले आहे.

घाटाची साक्ष

सपाटीवर सर्वच नव्या गाड्या गुणी दिसतात. त्यांचा खरा कस घाटात लागतो. पाच माणसे, सामान आणि चालू एसी एवढे ओझे घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना गाडी ज्या गिअरमध्ये रखडते त्याच्या एक खालचा गिअर घेतल्यावर ती मोकळेपणाने उचलते की नाही, हे पाहावे. पुष्कळ लहान टर्बो इंजिनांचा जोर मिनिटाला दीड-पावणेदोन हजार फेऱ्यांखाली झोपलेला असतो, आणि अशा गाडीत तिसऱ्या गिअरचा हट्ट धरून वळणातून बाहेर पडणारा चालक पिकअप नसल्याची जी हाकाटी करतो, ती त्याच्याच खात्यावर पडावयास हवी. दुसरा घेऊनही गाडी रखडत असेल, तर मात्र ओझ्याच्या मानाने इंजिन लहान आहे असे समजावे आणि पुढील प्रवासाची माणसे व सामान त्या हिशेबाने ठरवावे. दुपदरी रस्त्यावर पुढील ट्रक ओलांडण्याचा निर्णय तर रिकाम्या गाडीच्या अनुभवावर कधीही घेऊ नये; चाळिसापासून ऐंशीपर्यंत चढावयास भरल्या गाडीला किती अवधी लागतो, हे मोकळ्या चौपदरी रस्त्यावर आधी अजमावून ठेवावे.

उतरताना जुन्या चालकांचा शिरस्ता आजही खरा आहे. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनाचा अवरोध वेग धरून ठेवतो आणि ब्रेकवरील ताप वाचतो. उलट, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरल्यास पॅड तापून जळका वास येतो आणि पुढे पुढे ब्रेक लागेनासा होतो. ऑटोमॅटिक गाडी असल्यास हस्तपुस्तिकेत सांगितलेला खालचा गिअर हाताने लावून घ्यावा. पेट्रोल वाचवण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलवर सोडणे किंवा इंजिन बंद करणे यांइतका महाग पडणारा दुसरा काटकसरीचा मार्ग नाही, कारण इंजिन थांबताच ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट द्यावी हा केवळ सौजन्याचा भाग नसून वाहतुकीचा नियम आहे, हेही येथे नमूद करणे अवश्य.

वास आला की गोंधळून जाऊ नये. नव्या इंजिनावरील व सायलेन्सरवरील संरक्षक लेप पहिल्यांदा तापतात तेव्हा थोडा जळकट वास येतो आणि पुढे आपोआप नाहीसा होतो. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरल्यास जो उग्र वास येतो, तो मात्र क्लचचा आणि अर्थात चालकाचा. डॅशबोर्डवरील दिव्यांचा संकेतही पाठ असावा. लाल दिवा लागताच सुरक्षित जागी थांबावे. पिवळा लागल्यास बहुधा सावकाश पुढे जाऊन तपासणी करून घेता येते. जोरात ब्रेक लावताना पेडल थरथरले की ब्रेकच बिघडला असे समजून पाय काढणारेही असतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला असता पायाखाली येणारी धडधड ही एबीएसची चालू असल्याची खूण आहे, तेव्हा पाय न उचलता दाब कायम ठेवावा.

इंधनाचा हिशेब

आता त्या सर्वप्रिय प्रश्नाकडे वळू. माहितीपत्रकात छापलेला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक चक्रानुसार गाडी चालवून काढलेला असतो. तो दोन गाड्यांची तुलना करावयास उपयोगी, पण आपल्या गाडीकडून वसूल करावयाचे ते देणे नव्हे. डॅशबोर्डवरील आकडाही अनेकदा उदार असतो. भरवशाची रीत जुनीच आहे. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल्ल करावी, किलोमीटर लिहावेत, निदान तीन-चारशे किलोमीटर जावे, पुन्हा तशीच आणि शक्य तर त्याच पंपावर टाकी फुल्ल करावी, आणि कापलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. समजा ४१६ किलोमीटरांनंतर २६ लिटर पेट्रोल बसले, तर लिटरला १६ किलोमीटर पडले.

परंतु हा भागाकारही एका फसगतीपासून मुक्त नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. रत्नागिरीला जाताना ही उंची गाडी खर्चून टाकते आणि परतताना ती पुन्हा कमवावी लागते. तेराशे किलो वजनाची भरलेली गाडी एवढी उंच चढवण्यास इंजिनाची कार्यक्षमता ध्यानी घेता पाऊण ते एक लिटर पेट्रोल केवळ उंचीपायी जाते. म्हणून कोकणात उतरतानाचा आकडा मिरवणारा आणि देशावर चढतानाच्या आकड्याने खचणारा असे दोघेही चुकतात. जाणे-येणे मिळून जो पडेल तोच हिशेब खरा. वेगाचा वाटाही मोठा आहे. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ऐंशीवरून शंभरावर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. टपावर कॅरिअर बांधला असेल तर त्याची भर वेगळी. एवढे सगळे वजा केल्यावरही, नव्या इंजिनाचे ॲव्हरेज पहिल्या काही हजार किलोमीटरांत थोडे सुधारते, तेव्हा पहिल्या प्रवासाचा आकडा हा हंगामी समजावा.

मागच्या आसनाचा जबाब

चालकाला पुढील वळण आधी दिसते आणि त्याचे शरीर त्यासाठी सिद्ध असते. मागे बसलेल्यांना ती सवलत नसते. म्हणून गाडी वळणात झुकते किती, गतिरोधकावर मागून आपटते किती आणि खड्ड्यानंतर किती वेळ डोलत राहते, यांविषयी मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांचा व मुलांचा जबाब चालकाच्या मतापेक्षा अधिक वजनदार मानावा. वृद्धांना चढता-उतरताना दाराची चौकट डोक्याला लागते काय, आसन इतके खोल आहे काय की उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, मधल्या माणसाला पाय कोठे ठेवावेत असा प्रश्न पडतो काय, एसीची हवा मागे पोहोचते काय, हे प्रश्न थांब्यावर चहा घेताना मुद्दाम विचारावेत. मुलांना घाटात गाडी लागली, तर त्याचा दोष लगेच स्प्रिंगांना देऊ नये. वळणात उशिरा ब्रेक दाबण्याची चालकाची सवय हे त्याचे तितकेच संभाव्य कारण असते. एक-दोन तास वाहन दुसऱ्याच्या हाती देऊन मालकाने स्वतः मागे बसून पाहावे. पुष्कळ वादांचा निकाल तेथेच लागतो.

परतल्यावर

समुद्रकाठाहून आलेली गाडी खालच्या बाजूने गोड्या पाण्याने धुवून घ्यावी, टायरांच्या खाचांत रुतलेले खडे आणि कडांवरील चिरा पाहाव्यात, आणि गाडी सपाट जागी उभी करून इंजिन थंड झाल्यावर ऑइल व कूलंटची पातळी तपासावी. गरम इंजिनाचे कूलंटचे झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे होय. त्यानंतर वही समोर ठेवून तीन रकाने आखावेत, आणि रस्त्याचे व चालकाचे बाजूस काढल्यावर गाडीच्या खात्यावर जे उरेल तेवढेच सर्व्हिस सेंटरपुढे मांडावे. मांडताना निदान करू नये, लक्षण सांगावे. ‘बेअरिंग गेले आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘ताशी सत्तरच्या वर, उजव्या पुढच्या चाकाकडून, गाडी रिकामी असतानाही, डांबरावर व सिमेंटवर सारखाच आवाज येतो’ असे सांगितल्यास कारागिराला काम सुचते आणि टाळाटाळीला जागा उरत नाही. तक्रार जॉबकार्डावर आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी, त्याची प्रत जपून ठेवावी, आणि दोष चालत्या गाडीतच दिसत असेल तर कारागिराला शेजारी बसवून तो दाखवावा.

दुरुस्ती झाल्याचे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने आणि शक्य तर तेवढेच ओझे घेऊन पुन्हा जाऊन पाहावे. दोष गेला असेल तर त्या नोंदीवर काट मारावी, उरला असेल तर वॉरंटीच्या मुदतीत पुन्हा लेखी कळवावे. गाडीसंबंधीचा अखेरचा अभिप्राय या दुसऱ्या फेरीनंतरच बनवावा, आणि कोणी विचारल्यास तो एका शब्दात न देता कोणता रस्ता, किती माणसे आणि किती वेग या तपशिलासह द्यावा. कारण आपल्या भरवशावर तीच गाडी घ्यावयास निघालेल्या मनुष्याला आपल्या समाधानाचा उपयोग थोडा आणि त्या तपशिलाचा अधिक आहे.